जांबोटीच्या वाटेवरची भुईआवळी

खानापूर सोडून बस जांबोटीच्या रस्त्याला लागली, की कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या हळूहळू मागे पडतात आणि रान पुढे सरकू लागते. आर्द्रा सरून तरणा पाऊस लागला होता. खिडकीच्या काचा बसत नव्हत्या, म्हणून आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने आपले इरले खिडकीला टेकवून ठेवले होते व त्याच्या आडोशाने आम्ही उभयतां कोरडे बसलो होतो. ‘कुठवर, गुरुजी?’ असे त्याने विचारले. आम्ही गावाचे नाव सांगताच त्याने आमच्या डोळ्यांत निरखून पाहिले आणि म्हणाला, ‘डोळे तर पांढरे दिसतात की तुमचे!’ त्या गावाला परका माणूस जातो तो एकाच कारणासाठी, हे या वाटेवरील प्रत्येकाला ठाऊक आहे. तेथे काविळीचे औषध मिळते.

आम्हांला कावीळ झालेली नव्हती. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील अकरा मुलांना ती झाली होती. त्यांतील नऊ मुलांच्या पालकांनी मुलांना घेऊन याच गावची वाट धरली आणि तीन आठवड्यांच्या आत नऊच्या नऊ मुले वर्गात परतली. उरलेली दोघे खानापूरच्या डॉक्टरांकडे गेली. तीही तितक्याच दिवसांत परतली. पहिल्या नवांची गोष्ट गावभर झाली, दुसऱ्या दोघांची कोणी काढली नाही. मुख्याध्यापक या नात्याने या प्रकाराचा एकदा छडा लावावा असे आम्ही ठरविले होते. पण हे कारण वरवरचे होते. खरे कारण पुढे येईलच.

कावीळ हा शब्द संस्कृत ‘कामला’ या शब्दापासून आला. चरकाने पांडुरोगाच्या अध्यायातच कामलेचा विचार केला आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला याहूनही मौज वाटावी असा शब्द म्हणजे ‘काळीज’. आपण प्रेमात, दुःखात, धैर्यात ज्या काळजाचा उल्लेख करतो ते हृदय, असे आपण धरून चालतो. परंतु या शब्दाचे मूळ ‘कालेय’ म्हणजे यकृत या संस्कृत शब्दात आहे. खाटकाच्या दुकानातील ‘कलेजी’ अजून त्या मूळ अर्थाला धरून आहे. ‘काळजाचा तुकडा’ म्हणताना आपल्या पूर्वजांच्या मनात छातीच्या डाव्या बाजूचे धडधडणारे यंत्र नसून बरगड्यांखाली उजवीकडे निमूटपणे काम करणारे हे अवजड इंद्रिय होते की काय, कोण जाणे! आणि ‘कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते’ ही म्हण मात्र निखालस खोटी आहे. जगाला तो पिवळा दिसतो, त्याला जग जसेच्या तसे दिसते. हे आम्ही आमच्या घरातच पाहिले आहे.

१९८४ सालच्या मे महिन्यात आमच्या थोरल्या बंधूंना कावीळ झाली. दादा बावीस वर्षांचे होते, नुकतेच नोकरीला लागले होते. आम्ही तेव्हा नववीत जाणार होतो. कोणा एका जाणकाराकडे त्यांना नेण्यात आले. त्या माणसाने दादांच्या तळहातांना काहीसे चोळले, मग चुन्याच्या निवळीने हात धुतले आणि ताटातले पाणी पिवळेधमक झाले. ‘उतरली बघा कावीळ,’ असे तो म्हणाला. बारीक काड्यांची एक माळ दादांच्या गळ्यात घालण्यात आली. ती लांबत जाऊन पोटापर्यंत आली, की रोग गेला असे समजायचे होते. माळ रोज लांबत होती. आम्ही रोज सकाळी ती बोटांनी मोजत असू. माळ बेंबीपाशी पोहोचली त्या दिवशी दादा दुपारी झोपले ते नीट जागे झालेच नाहीत. हाक मारली तर डोळे उघडत, असंबद्ध बोलत. बेळगावला नेईपर्यंत रात्र झाली आणि चौथ्या दिवशी सारे संपले. कोणत्या कारणाची कावीळ होती हे आजतागायत आम्हांला समजलेले नाही.

पुढे शिकल्यावर समजले, की आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून वर चुन्याची निवळी ओतली, तर निरोगी माणसाच्या हातूनही पिवळे पाणी निघते. काड्यांच्या माळेच्या गाठी मुळातच सैल मारलेल्या असतात. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सरकतात आणि माळ लांबते. हा प्रयोग आम्ही दर वर्षी आठवीच्या मुलांना वर्गात करून दाखवितो. मुले हसतात. आम्ही हसत नाही, एवढे त्यांच्या लक्षात येत असावे.

तर असे मन घेऊन आम्ही जांबोटीला उतरलो. तेथून कणकुंबीकडे जाणारी दुसरी गाडी मिळाली. हाच रस्ता पुढे चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगम तेथेच आहे. उत्तरेकडील व पूर्वेकडील मंडळी उगमाचे दर्शन घ्यायला येतात, तीर्थ बाटलीत भरून नेतात. दक्षिणेला भीमगडाचे रान पसरले आहे. २०११ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हादईचा उगमही याच तालुक्यातील. तीन राज्ये जिच्या पाण्यासाठी इतकी वर्षे न्यायासनासमोर भांडली ती नदी येथे एका उडीत ओलांडता येते. असो. तो विषय या मासिकाच्या वाचकांना नवा नाही.

गाडीतून उतरल्यावर भाताच्या खाचरांच्या बांधांवरून पाऊण तास चालावे लागले. रोपणी चालली होती. याच बांधांवर ती होती: भुईआवळी. वीतभर उंचीचे रोप, आवळ्याच्या पाल्याची नक्कल करणारी बारीक पाने, आणि पानांची डहाळी उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला मोहरीएवढ्या फळांची रांग, जणू कोणी लहान मुलीने आवळ्याचे झाड खेळायला म्हणून लहान करून घेतले आहे. संस्कृतात भूम्यामलकी, तामलकी. दिवस कलला की पाने मिटतात. घरोघर हिला कोणी ओळखत नाही असे नाही. परंतु ओळखतात तेवढी सारीच भुईआवळी नसते, हा धडा आम्हांला थोड्याच वेळात मिळायचा होता. आम्ही दोन-तीन रोपे उपटून छत्रीच्या दांड्याला बांधून घेतली.

वैद्यांचे घर म्हणजे शेणाने सारवलेली लांब ओसरी. दारात एक जुना फणस. ओसरीवर सातआठ माणसे बसलेली. एक हुबळीकडील कुटुंब कानडीत बोलत होते, एक जोडपे डिचोलीहून पहाटेच निघून आले होते. वैद्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. वय साठीच्या पलीकडे, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायाला खाचराचा चिखल तसाच. पैसे घेत नाहीत. पैसा घेतला तर औषधाचा गुण जातो, असा वडिलोपार्जित नियम आहे. नारळ आणि पसाभर तांदूळ देवापुढे ठेवायचे, एवढेच.

आम्ही आमची ओळख दिली. ‘बसा की, गुरुजी,’ म्हणून त्यांनी चटई पुढे सरकविली आणि नजर आमच्या छत्रीवर जाऊन थांबली. त्यांनी त्या रोपांतून एक रोप काढून बाजूला टाकले. ‘ही नव्हं.’ आम्हांला तर तिन्ही सारखीच दिसत होती. त्यांनी फळ दाखविले: देठ जवळजवळ नाही, सालीवर खरखर, रंग तांबूस. ‘ही तिची चुलत बहीण.’ वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघींना एकाच कुळाच्या निरनिराळ्या जाती मानतात. मामांच्या शब्दात आणि शास्त्रात फारसा फरक नव्हता.

मग आम्ही तासभर नुसते पाहत बसलो. सांगायचे तर, आम्ही चुन्याच्या ताटाची वाट पाहत होतो. ते आले नाही. मामा प्रत्येकाला उजेडात घेऊन डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहत, नखे पाहत, पोटावर उजवीकडे बोटे दाबीत आणि मग हलक्या आवाजात विचारीत, ‘परसाकडं कसं होतंय?’ डिचोलीच्या गृहस्थांनी काही उत्तर दिले. मामांनी मान हलविली. ‘तुम्हांला आमचं औषध नाही. तुम्ही दवाखान्यात जावा. पोटाचा फोटो काढा.’ ते गृहस्थ रागावले. इतक्या लांबून आलो, नारळ आणला, आणि औषध नाही म्हणजे काय? त्यांच्या पत्नी रडू लागल्या. मामा शांतपणे म्हणाले, ‘वाट बंद झालेली आहे. पाला वाट उघडीत नाही.’

आम्ही चकित झालो ते या कारणाने, की मल तिळाच्या कुटासारखा पांढुरका होणे म्हणजे पित्ताचा मार्ग अडलेला असणे, हे चरकाने सांगून ठेवले आहे आणि आजचे डॉक्टरही अशा रुग्णाची पहिली शंका खड्याची किंवा गाठीची घेतात. मामांनी चरक वाचलेला नाही. त्यांची शाळा चौथीत सुटली.

गर्दी ओसरल्यावर बोलणे निघाले. औषध कोणते, हे त्यांनी फारसे लपविले नाही. भुईआवळी मुळासकट धुऊन, वाटून, गाईच्या ताकातून. सकाळी अनशापोटी, तीन दिवस. बरोबर आणखी एक पाला घालतात, त्याचे नाव मात्र सांगणार नाही म्हणाले. ही गुप्तता आम्हांला पटली नाही व तसे आम्ही बोलूनही दाखविले. उद्या रोग्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर पोटात काय गेले हे डॉक्टरला कळायला नको काय? मामा थोडे हसले. ‘डॉक्टरनं विचारलं तर सांगतो. एकदा विचारलं होतं, फोन करून. सांगितलं की.’

पथ्य कडक आहे. तेल, तूप, तिखट बंद आणि हळदही बंद. हळद पिवळी म्हणून ती काविळीला वाईट, हे तर्कशास्त्र आम्हांला कधीच उमगले नाही. अंगाचा पिवळेपणा हळदीचा नसून बिलिरुबिन नावाच्या द्रव्याचा असतो. रोग्याला उपाशी ठेवण्यापेक्षा रुचेल ते पुरेसे खाऊ द्यावे, असेच आता डॉक्टर सांगतात.

भुईआवळीचे नाव एकदा जगभर गाजले होते, हे मामांना ठाऊक नव्हते. ते सांगण्याची संधी आम्ही सोडली नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी मद्रासच्या संशोधकांबरोबर या वनस्पतीचा अभ्यास केला. १९८८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ज्यांच्या रक्तात हा विषाणू ठाण मांडून बसला होता अशा ३७ जणांना भुईआवळीची भुकटी दिली, त्यांपैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्यांना नुसतीच खोटी पुडी दिली त्या २३ जणांत अशी व्यक्ती एकच निघाली. केवढी ही आशा! परंतु पुढे इतर ठिकाणी इतरांनी तेच प्रयोग केले तेव्हा हे यश हाती लागले नाही. जात वेगळी होती, मात्रा वेगळी होती, की पहिला निष्कर्षच योगायोगाचा होता, यावर वाद झाले. आज त्या विषाणूविरुद्ध खात्रीचा उपाय म्हणजे लस, आणि ती सरकारी दवाखान्यात तान्ह्या मुलांना विनामूल्य टोचतात. ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस २८ जुलै. तोच दिवस आता जगभर यकृतशोथ दिन म्हणून पाळला जातो.

मामांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग सदतीसातल्या उरलेल्या पंधरांचं काय झालं?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही बरे झालेल्यांचीच संख्या लक्षात ठेवली होती.

ओसरीच्या मागे परसात त्यांनी आम्हांला फिरविले. पालेकिराईत होते. ज्याला पुस्तकात कालमेघ म्हणतात आणि ज्याचा काढा गोव्यातील व आमच्याकडील आयांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे नाक दाबून पाजला ते. (हिमालयातून येणारे काडेकिराईत निराळे, कडूपणात दोघेही एकमेकांना हार जाणार नाहीत.) भिंतीकडेला घेटुळी म्हणजे पुनर्नवा पसरली होती, उन्हाळ्यात वर मरते, खाली मूळ जिवंत राहते आणि पाऊस पडला की पुन्हा नवी होते, म्हणून हे सुंदर नाव. उताराला उन्हाळी होती, तीच शरपुंखा. पाणथळ कडेला माका. केसांच्या तेलामुळे सर्वांना ठाऊक, पण यकृताच्या औषधांतही जुन्या वैद्यांनी तो वापरला. कुटकी मात्र नव्हती. ती हिमालयात, बर्फाच्या सावलीत उगवते. बेळगावच्या काष्ठौषधींच्या दुकानात तिची मुळे मिळतात. आरोग्यवर्धिनीत इतर सर्व द्रव्ये मिळून जेवढी होतात तेवढी एकटी कुटकी असते. पण त्याच गोळीत पाऱ्याची कज्जली आणि तांब्याचे भस्मही असते, म्हणून ती शेजाऱ्याच्या सल्ल्याने घ्यायची वस्तू नव्हे. कुटकी इतकी उपसली गेली, की तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले.

कुंपणावर गुळवेल होती. तिच्याकडे बोट दाखवून मामा म्हणाले, ‘करोनात लोकांनी ही ओरबाडून नेली. ओळखत नव्हते तेबी.’ त्या दिवसांत रोज पेलाभर काढा पिण्याची साथच आली होती. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. दोन्ही बाजूंत कोण खरे हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही; पण यकृताचे औषध म्हणून ख्याती असलेली वनस्पतीही यकृतालाच बाधू शकते, एवढे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे? देवडांगरीचे उदाहरण तर जुनेच आहे. तिचे पाणी नाकात घातले, की नाकातून पिवळे पाणी वाहू लागते आणि लोकांना वाटते कावीळ वाहून चालली. ती नाकाची आग असते. मामांच्या परसात देवडांगरीला जागा नाही.

अखेर आम्ही आमचा खरा प्रश्न विचारला. दादांची सारी हकीकत सांगितली. ताट, माळ, ती दुपार. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘गुरुजी, माणूस पेंगायला लागला, बरळायला लागला, की आमच्या घरात त्याला बसूसुद्धा देत नाहीत. सरळ बेळगावला घालवायचं. हे माझं नव्हे, बाबांचं. गरवार बाईला तर औषधच द्यायचं नाही. हल्ली मी सगळ्यांना रक्ताचा कागद आणायला सांगतो.’ थोडे थांबून ते पुढे म्हणाले, ‘येतात त्यांतले बहुतेक औषध न घेता पण बरे होतात. पोरं तर होतातच. मला काय ते समजत नाही?’

‘मग देता कशाला?’

‘मी दिलं नाही तर ते चुन्याच्या ताटाकडं जातात.’

या उत्तराने आमचे समाधान झाले असे नाही. तीन दिवसांच्या ताकाने धीर येतो हे खरे. पण तोच धीर एखाद्या घरात दवाखान्याचा दिवस लांबवीत नसेल कशावरून? डिचोलीचे ते जोडपे खरोखर दवाखान्यात गेले असेल, की परतताना वाटेत आणखी कोणाचे नाव त्यांना समजले असेल? बेळगावातच पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. अशा ओसऱ्यांवर तिने सवडीने बसावे आणि बरे झालेल्यांबरोबर परत पाठविलेल्यांचीही नोंद ठेवावी, असे आम्हांला वाटते.

घरी पोहोचायला रात्रीचे आठ वाजले. आई आता त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत; दिसणे कमी झाले आहे, पण हाताला वस्तू लागली की ओळखतात. छत्रीच्या दांड्याची रोपे त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, हुंगली आणि विचारले, ‘कुठं गेला होतास?’ आम्ही गावाचे नाव सांगितले.

‘दारातला फणस आहे का अजून?’

फणसाविषयी आम्ही अक्षरही बोललो नव्हतो.

मग त्यांनी सांगितले. चुन्याच्या ताटाच्या आदल्या दिवशी दादांना त्याच ओसरीवर नेले होते. हल्लीच्या मामांचे वडील होते तेव्हा. त्यांनी डोळे पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि औषध द्यायला नकार दिला. आजच्या आज बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. आमच्या वडिलांना तो अपमान वाटला. औषध येत नाही म्हणून टाळतो आहे, असे ते वाटभर म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणीतरी दुसरे नाव सांगितले.

‘इतकी वर्षं बोलली नाहीस!’

‘तुझे वडील होते तोवर कसं बोलायचं? आणि नंतर कशाला बोलायचं?’ असे म्हणून त्यांनी रोपे आमच्या हाती परत दिली. त्यांची पाने केव्हाच मिटली होती.

सोमवारी शाळेत गेल्यावर आम्ही पहिल्या तासाला कोणताही वर्ग घेतला नाही. पाण्याची टाकी उपसायला लावली. तळाशी बोटभर गाळ निघाला आणि टाकीकडे येणाऱ्या नळाला गटाराशेजारी एक चीर सापडली. मुलांना आठवडाभर घरून उकळलेले पाणी आणायला सांगितले आहे. नळ दुरुस्त करण्यासाठी पंचायतीकडे अर्ज दिला आहे. दोनदा स्मरणपत्रही पाठविले आहे.